पाण्याकडे तोंड

काटा ऐंशीवर यायचा आणि तिथंच थांबायचा.

आजचा तिसरा दिवस. मिर्सिनी सासऱ्याचं जेवण फडक्यात बांधून घाण्याच्या दारात उभी होती. बेटावरच्या पालिओमिलो गावात बायकांनी घाण्याचा उंबरा ओलांडायचा नाही. झाडाखालचं जैतून बायकांनी वेचायचं, कंबर मोडेस्तोवर वेचायचं. पण पोतं एकदा उंबऱ्याच्या आत गेलं की ते पुरुषांचं. म्हणून ती बाहेरच उभी राहिली आणि तिथूनच आत बघत राहिली.

आत तीन दगडी चाकं गोल फिरत होती. काळाजांभळा लगदा वर येत होता. दोघंजण तो लगदा शेळीच्या केसांच्या गोल चटयांवर थापत होते, चटईवर चटई रचत होते. माणसाच्या उंचीचा ढीग झाला की गाड्यावरून प्रेसखाली ढकलायचा. आणि कोपऱ्यात, डिझेल इंजिनाच्या पट्ट्याला बांधलेला तो पंप. कमरेएवढी बिडाची टाकी, तिच्यावर दोन दट्टे, एक मनगटाएवढा जाड, एक अंगठ्याएवढा बारीक. सगळा गाव त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचा.

थोरला आधी धावायचा. भराभर पाणी ढकलायचा, चटयांचा ढीग दबत जायचा, कडेनं काळं पाणी आणि तेल ओघळू लागायचं. दाबाचा काटा ऐंशीवर आला की थोरल्याचा दम संपायचा. खटका आपोआप पडायचा आणि मग तो नुसताच वरखाली होत राहायचा, जेवून उठलेल्या माणसासारखा. पुढचं काम धाकट्याचं. तो थेंबाथेंबानं ढकलायचा, पण तीनशेपर्यंत न्यायचा. खरं तेल त्या शेवटच्या दाबात निघायचं.

नाताळानंतर धाकट्याच्या गळ्यातला, पाणी अडवणारा चामडी वायसर फाटला. मिर्सिनीच्या सासऱ्यानं, एर्मोलाओस मिस्तरीनं, नवा बसवला, आणि तेव्हापासून हे असं. थोरला थांबला की काटाही थांबायचा. धाकटा ढकलत राहायचा आणि त्याच्या गळ्यातून पाणी पाझरून टाकीवरून खाली गळत राहायचं.

"मिस्तरी, पेंड बघा," सहकारी मंडळाचा अध्यक्ष कारिओफिलिस मूठ पुढे करत म्हणाला. त्याच्या बोटांच्या फटीतून तेल निघत होतं. "मी हातानं पिळतोय तर निघतंय! तुमच्या पंपापेक्षा माझी मूठ बरी."

"व्हॉल्व्ह नीट बसत नाही," एर्मोलाओस खाली मान घालून म्हणाला. तो गुडघ्यावर बसला होता, हातात घासलेला पितळी व्हॉल्व्ह. "अजून एकदा घासतो."

"चार वेळा घासलात. आता त्यातनं सुई ओवता येईल."

"आणि हे पाणी?" चटया थापणारा एक म्हणाला. "धाकटा रडतोय बघा किती."

"नवं चामडं चार दिवस रडतंच," मिस्तरी म्हणाला. त्यानं पाना घेऊन धाकट्याच्या गळ्याचा नट आणखी आवळला. बोटं थंडीनं फुटली होती, भेगांतून रक्त दिसत होतं.

अंगणात पोत्यांची रांग लागली होती. आठ दिवसांचं जैतून. पोत्यात हात घातला की आत ऊब लागायची, आणि वास यायचा आंबूस, व्हिनेगरसारखा. फळ गरम होऊ लागलं की तेल कडू होतं. मग ते दिव्यातसुद्धा कुणी घालत नाही.

"सहा तारखेपर्यंत वाट बघतो," कारिओफिलिस म्हणाला. "सण झाल्यावर दुसऱ्या दिवशी काटा तीनशेवर गेला नाही, तर पोती खाली बंदरावरच्या नव्या घाण्यात. आणि पोती एकदा खाली गेली की पुढच्या वर्षी वर येत नाहीत, हे मी सांगायला नको. मग इथं कोंबड्या पाळा." तेवढ्यात त्याची नजर दाराकडे गेली. "काय गं मिर्सिनी? तुझ्या नवऱ्याला ईस्टरपर्यंत मिस्तरीची जागा राखून ठेवलीय आम्ही. त्याला काय लिहू? ये बाबा, कोंबड्या राखायला ये?"

चटया थापणारे हसले. मिर्सिनीनं जेवणाचं फडकं उंबऱ्यावर ठेवलं.

"मामंजी, कढण गरम आहे तोवर घ्या," एवढंच बोलून ती वळली.

अंगण ओलांडेपर्यंत तिनं पाऊल सावकाश टाकलं. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र भिंतीला हात टेकला. इग्नातिस जर्मनीला जाऊन तीन वर्षं झाली होती. लग्नाला चार. मिस्तरीची जागा मिळाली तर येईन, म्हणाला होता. रिकाम्या हातांनी येऊन बापाच्या ताटात जेवणार नाही. ती जागा म्हणजे तो पंप, आणि पंप म्हणजे आता ऐंशीवर अडकलेला तो काटा.

*

घर मिर्सिनीचं. आईकडून आलेलं; बेटावर घर लेकीला जातं. एर्मोलाओसच्या बायकोचं घर तिच्या लेकीकडे गेलं, आणि बायको गेल्यावर म्हातारा सुनेकडे राहायला आला. पाहुण्यासारखा राहायचा. खुर्ची मागे ढकलताना आवाज होऊ द्यायचा नाही. लाकडं न सांगता फोडून ठेवायचा.

त्या संध्याकाळी तो टेबलाशी बसला आणि सुरईतून पेल्यात पाणी ओतू लागला. पाणी पेल्याच्या शेजारी पडलं. त्यानं बाहीनं पुसलं, पुन्हा ओतलं, या वेळी पेल्याच्या काठावर बोट ठेवून. मिर्सिनीनं चुलीकडे तोंड फिरवलं आणि लाकूड सारखं केलं. तिला दिसलंच नाही, असं.

"मीठ कमी आहे का, मामंजी?"

"बरोबर आहे."

"खारवलेली मासळी काढू?"

"नको गं. तुला ठेव."

तो लवकर उठला. त्याच्या कोटाला डिझेलचा आणि जैतूनचा वास होता, आणि हातांना ओल्या चामड्याचा. इग्नातिसच्या हातांनाही तोच वास असायचा. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात ती म्हणायची, हात धुऊन ये. आणि तो धुऊन यायचा, तरी वास राहायचा. आता तिला वाटायचं, कशाला धू म्हणाले मी?

हलव्याच्या पत्र्याच्या डब्यात त्याची पत्रं होती. तिनं ती काढून मांडीवर घेतली. इग्नातिसला गोड लिहिता यायचं नाही. 'प्रिय मिर्सिनी, मी बरा आहे, बाबांना नमस्कार' झालं की त्याची लेखणी अडायची, आणि मग तो पंपाबद्दल लिहू लागायचा. स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात तो पंप जुळवायचा. क्रेनचे, ट्रॅक्टरचे, खाणीतल्या यंत्रांचे.

पहिल्या वर्षी दातेरी चाकांचा पंप. 'दोन चाकं एका पेटीत, दातात दात अडकवून फिरतात. तुला वाटेल तेल त्यांच्या मधून जातं. मधून काही जात नाही, मध्ये ती फार घट्ट भिडलेली असतात. तेल कडेनं जातं, दातांच्या खाचांत बसून, भिंतीला धरून. साधा पंप आहे. मातीधूळ सहन करतो. आपल्याकडच्या माणसासारखा.'

दुसऱ्या वर्षी पात्यांचा. 'एक गोल लाट, तिच्या खाचांत पाती. लाट फिरली की पाती बाहेर येऊन भिंतीला टेकतात आणि पुढचं तेल पुढे लोटतात. पण लाट पेटीच्या मधोमध बसवत नाहीत. मधोमध बसवली तर सगळं फिरेल आणि तेल जागचं हलणार नाही. एका बाजूला सरकवून बसवावी लागते. मीही इथं तसाच एका बाजूला बसलोय.' हे शेवटचं वाक्य त्यानं खोडलं होतं, पण दिव्याकडे धरलं की वाचता यायचं. मिर्सिनीनं ते कितीदा वाचलं होतं, तिलाच ठाऊक.

तिसऱ्या वर्षी दट्ट्यांचा. 'नऊ दट्टे, गोल बांधलेले, बंदुकीच्या गोळ्यांसारखे, आणि त्यांच्यासमोर एक तिरकी थाळी. थाळी जितकी तिरकी, तितकं तेल जास्त. थाळी अगदी सरळ केली की सगळं जोरात फिरतं पण काहीच जात नाही. आणि एक गंमत सांगतो. लोकांना वाटतं पंप दाब करतो. पंप फक्त ढकलतो. पुढे काही अडवणारं असेल तरच दाब होतो. मोकळ्या नळातून ढकलत राहा, काटा हलणार नाही.'

मिर्सिनीनं ते पत्र घडी घालून ठेवलं. किती ढकललं होतं तिनं या तीन वर्षांत! पलीकडे काही अडत होतं की नाही, देवाला माहीत.

*

दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या पट्टीत वेचणी होती. रात्री हिम पडलं होतं. गवताच्या पात्यापात्याला पांढरी कड, आणि त्यात काळे दाणे. पुरुषांनी काठ्यांनी झोडपायचं, बायकांनी गुडघ्यांवर सरकत वेचायचं. बोटं बधिर झाली की काखेत धरायची, पुन्हा खाली. मिर्सिनीच्या शेजारी सुल्ताना वेचत होती. दोन मुलांची आई, तोंडाची तिखट. तिनंच गाणं धरलं होतं:

"जैतून माझं डोंगरी, पाखरं नेती टिपून,
सखा माझा दूरदेशी, पत्र ठेविलं जपून."

"तुझ्यावरच केलंय गं," सुल्ताना म्हणाली. "काय लिहितो तरी काय तुझा जर्मन? डोळ्यांची आठवण काढतो का?"

"लिहितो ना. लिहितो की पात्यांचा पंप मधोमध बसवायचा नसतो."

बायका जोरात हसल्या. "अगं बाई! हे तर फारच चावट!"

मिर्सिनीही हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते थंडीवर ढकललं.

"आणि पंपावरनं आठवलं," सुल्ताना म्हणाली. "माझी बारा पोती आहेत तुमच्या अंगणात. मिस्तरी काय म्हणतात?"

"म्हणतात, नवं चामडं रडतंच."

"माझ्या नवऱ्याचे नवे बूटसुद्धा रडतात, पण चौथ्या दिवशी गप्प बसतात."

मिर्सिनीचा हात दाण्यावर थांबला. रडतंच. पत्रात कुठं तरी हा शब्द होता. तिसऱ्या वर्षातलं पत्र, नाताळच्या आधीचं. ओळ आपोआप समोर आली, त्याच्या तिरक्या अक्षरात: 'इथं चामडं नाही, रबराचे वायसर. पण त्यालाही ओठ असतो, आपल्यासारखाच. ओठ पाण्याकडे ठेवायचा. पाणी ओठात शिरतं, ओठ फाकतो आणि दट्ट्याला चिकटतो. जितका दाब जास्त तितकी पकड घट्ट. उलटा बसवला तर तेच पाणी त्याला मिटवून बाहेर निघून जातं. बाबांनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं. म्हणायचे, वायसर रडला तर त्याला आवळू नकोस. त्याचं तोंड कुठं आहे ते विचार.'

ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. समोर काल संध्याकाळचा पेला दिसला, शेजारी सांडलेलं पाणी, काठावर ठेवलेलं बोट.

"काय गं, भूत दिसलं का?" सुल्तानानं विचारलं.

"नाही. दाणा टोचला."

मिस्तरीला कसं सांगायचं? पन्नास वर्षं जो माणूस डोळे मिटून वायसर बसवतो म्हणून मिरवला, त्याला सुनेनं सांगायचं, तुम्ही उलटा बसवलात? व्हॉल्व्ह त्यानं चार वेळा घासला होता. वायसरकडे एकदाही बघितलं नव्हतं. जी गोष्ट कधीच चुकत नाही, तिच्याकडे कोण बघतं?

*

सहा तारखेला पाण्याचा सण. सकाळी देवळात पाण्याला आशीर्वाद झाला, मग सगळा गाव पाद्रीच्या मागून बंदराकडे निघाला. पाद्री क्रूस समुद्रात टाकणार, तरुण पोरं त्या बर्फासारख्या पाण्यात उड्या घेणार. घाणा बंद. गल्ल्यांत कुत्रंसुद्धा नव्हतं.

"माझं डोकं दुखतंय, मामंजी. तुम्ही जा," मिर्सिनी देवळाच्या पायऱ्यांवर म्हणाली. घाण्याची किल्ली घरी खिळ्यावर होती.

उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली. मग आत पाय टाकला. कुणी ओरडलं नाही. आत थंडगार होतं, जुन्या तेलाचा जाड वास होता, आणि वरच्या झरोक्यातून येणारं ऊन सरळ पंपावर पडलं होतं.

पाना जड होता. तिनं तो धाकट्याच्या नटाला लावला आणि अंग टाकलं. नट हलला नाही. म्हाताऱ्यानं चार दिवस आवळून आवळून पक्का केला होता. तिनं स्कर्ट वर खोचला, टाकीला पाय लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं. नट करकरला आणि सुटला. मग दट्ट्या वर उचलला, गार, गुळगुळीत, आणि केसातली पिन काढून आत घातली. वायसर हळूहळू बाहेर आला. अंड्याच्या कपाच्या तोंडाएवढा, तेलात भिजून काळा पडलेला. तिनं तो उन्हात धरला.

ओठ वर होता. हवेकडे.

"आत आलीस तू."

मिर्सिनीच्या हातून पिन पडली. दारात एर्मोलाओस उभा होता, सणाचा काळा कोट, हातात टोपी. बंदरापर्यंत तो गेलाच नव्हता.

"आले, मामंजी."

तो जवळ आला. हात पुढे केला. तिनं वायसर त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यानं अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, दोनदा. फुटलेला, सुजलेला अंगठा.

"कसा होता?"

"असेल कसा तरी. आवळताना फिरला असेल," ती म्हणाली.

"चामडं फिरत नाही, पोरी."

तो चटयांच्या ढिगावर बसला. खालून, बंदरावरून, घंटेचा आवाज आला आणि लोकांचा गलका. क्रूस पाण्यात पडला असणार.

"त्या दिवशी चौघं डोक्यावर उभे होते," म्हातारा म्हणाला. "चला मिस्तरी, चला मिस्तरी. बोटं बधिर. मला वाटलं, ओठ कळला." मग म्हणाला, "उजव्या डोळ्यानं तर उन्हाळ्यापासून दिसत नाही. डाव्यानं धुकं. कुणाला म्हटलं नाही. म्हटलं, पोरगा येईपर्यंत ओढून नेऊ."

मिर्सिनीनं त्याच्या तळव्यावरून वायसर उचलला. फडक्यानं पुसला, बरणीतल्या तेलात बुडवला. "तुम्ही सांगा, मी बसवते."

"ओठ खाली. पाण्याकडे."

"पाण्याकडे."

"पिननं नको, ओठ फाटेल. अंगठ्यानं दाब. गोल फिरव. बसला?"

"बसला."

"आता दट्ट्या. सरळ सोड. नट हातानं लाव, पान्यानं नको. हाताला लागला की अर्धा फेरा, बस्स. त्याला आवळायचं नसतं. पाणीच त्याला आवळतं."

इंजिन लावायला सण मोडता आला नसता. म्हाताऱ्यानं प्रेसकडे जाणारा नळ बंद करायला सांगितला. "आता पुढे रस्ता नाही. हातानं चाक फिरव. काट्याकडे बघ आणि मला सांग."

मिर्सिनीनं पट्ट्याचं मोठं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं. पहिला फेरा हलका गेला. दुसऱ्याला चाक जड झालं. तिसऱ्याला चाकानं तिला उलट ढकललं. मनगटांतून, कोपरांतून, खांद्यापर्यंत. तिनं पाय रोवले. तीन वर्षं तिनं अंथरुणात, अंगणात, पत्रांत नुसतं ढकललं होतं आणि पलीकडून काही आलं नव्हतं. आज काहीतरी तिच्याविरुद्ध उभं राहिलं होतं, घट्ट, जिवंत. तिला सोडवेना.

"किती?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"शंभर. एकशे वीस." तिचा श्वास चढला. "दीडशे, मामंजी. थोरला थांबला, तरी चढतोय."

"गळ्याला हात लाव. ओलं आहे?"

तिनं बोट लावलं. "कोरडं."

म्हाताऱ्यानं टोपी डोळ्यांवर धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

*

सात तारखेला काटा तीनशे दहावर गेला. चटयांच्या ढिगातून तेल असं उतरलं की खालच्या हौदात हिरवा फेस आला. कुणी तरी इंजिनाच्या पाइपावर पाव भाजला, तेलात बुडवला, वर लिंबू पिळलं. कारिओफिलिसच्या मिशांतून तेल गळत होतं.

"मिस्तरी, काय होतं शेवटी?"

"वायसर उलटा होता."

"उलटा? कुणी बसवला होता?"

"मी."

कुणी हसलं नाही.

"आणि सुलटा?"

एर्मोलाओसनं दाराकडे तोंड केलं. उंबऱ्याबाहेर मिर्सिनी जेवण घेऊन उभी होती. "इग्नातिसच्या पत्रात होतं," तो म्हणाला. पुढे आणखी काही बोलायला त्यानं तोंड उघडलं. मिर्सिनीनं हलकेच मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं, ते त्याला दिसलं नसणार, म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "हो, पत्रात होतं."

"शाब्बास!" कारिओफिलिसनं मांडीवर हात मारला. "जर्मनीत बसून पालिओमिलोचा पंप दुरुस्त करतो! लिही त्याला, मिर्सिनी. आजच लिही. जागा त्याची. ईस्टरला ये म्हणावं, पुढचा हंगाम तूच चालव."

आतल्या सगळ्यांनी पेले वर केले. मिर्सिनी पालिओमिलोच्या रस्त्यावरून घरी गेली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पत्र लिहायला मात्र तिला अख्खी दुपार लागली. शेवटी चारच ओळी राहिल्या. 'काटा तीनशे दहावर गेला. तुझ्या पत्रातल्या ओठामुळे. जागा तुझी आहे, अध्यक्ष म्हणाले. ईस्टरला ये.' तिनं ते सासऱ्याला वाचून दाखवलं.

"अजून एक लिही," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"बाबांचे डोळे गेलेत, लिही. वायसर कापता येत नाही त्यांना आता." तो उठून दाराशी गेला. "लिहिलंस?"

"लिहिलं."

*

बदामाला फुलं आली. हंगाम संपला, चटया धुऊन भिंतीवर वाळत पडल्या. मिर्सिनीनं घराला चुना दिला. वरच्या खोलीची खिडकी निळ्या रंगानं रंगवली. सुल्ताना येता-जाता म्हणायची, "अगं, एवढं काय सजवतेस? त्याला काय खिडकी बघायचीय?" मिर्सिनी हसायची. रस्त्यावर पोस्टमननं शिंग फुंकलं की हातातलं काम टाकून पळायची.

फेब्रुवारीच्या शेवटी पार्सल आलं. छोटी पेटी, दोरीनं बांधलेली, त्याच्याच गाठी. तिनं ती अंगणात, उन्हात, सासऱ्यासमोर उघडली. आत मेणकागदात गुंडाळलेले सहा काळे रबरी वायसर. तीन मोठे, तीन लहान. अगदी थोरल्या-धाकट्याच्या मापाचे. तीन वर्षांनंतर आठवणीतून घेतलेलं माप, आणि केसाएवढा फरक नव्हता.

"वाच," म्हातारा म्हणाला. "येतो का?"

'प्रिय मिर्सिनी, मी बरा आहे. बाबांना नमस्कार. बाबांच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. म्हणून हे पाठवतो. आमच्याकडचे सगळ्यात चांगले आहेत, पाणी-तेल दोन्हीला चालतात. ओठ पाण्याकडे. बाबांना आता चामडं कापत, भिजवत बसायला नको. एकदा बसवले की...'

ती थांबली.

"की काय?"

"'एकदा बसवले की दहा वर्षं कुणाला हात लावावा लागणार नाही. तू काळजी करू नकोस. अध्यक्षांना आभार सांग. तुझा, इग्नातिस.'"

ईस्टरबद्दल एक अक्षर नव्हतं. तिनं कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. उन्हाकडे धरला, खोडलेलंही काही नव्हतं.

एर्मोलाओसनं एक छोटा वायसर उचलला. अंगठा फिरवला. "मऊ आहे. तोंड कुठं ते लगेच कळतं. चांगलं काम आहे पोराचं." मग अंगठा थांबला. "दहा वर्षं म्हणाला?"

"दहा."

भिंतीवरून मधमाशी गेली, बदामाकडे. म्हाताऱ्यानं वायसर पुन्हा मेणकागदात ठेवला, अगदी जपून, जणू कुणी झोपलंय आणि जाग येईल.

मिर्सिनी उठली. सहाही वायसर तिनं घरात नेले आणि हलव्याच्या डब्यात पत्रांच्या खाली ठेवले. झाकण लावलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोठ्याच्या खिळ्यावरचं बैलाचं कातडं होतं, दुसऱ्या हातात म्हाताऱ्याचा वाकडा चाकू आणि लाकडी साचा.

"मामंजी, कापायचा कसा ते दाखवा."

"रबर आलंय की गं."

"रबराला दहा वर्षं कुणी लागत नाही," ती म्हणाली. "चामड्याला दर साली लागतं."

म्हाताऱ्यानं तिच्या आवाजाकडे तोंड केलं. मग त्यानं हात पुढे केला, तिच्या बोटांत चाकू नीट बसवला, आणि कातड्याची पाठ कुठली, पोट कुठलं ते तिच्या अंगठ्याला दाखवलं. "पाठीचं घ्यायचं. पोटाचं लवकर फाटतं. गोल काप, घाई नको."

पहिली चकती वाकडी आली. दुसरी बरी. तिसरी त्यानं अंगठ्यानं तपासली आणि मान हलवली. मिर्सिनीनं वाडग्यात या वर्षीचं हिरवं तेल ओतलं आणि चकती आत सोडली. कोरडं चामडं वर आलं, तरंगू लागलं. तिनं ते एका बोटानं खाली दाबलं. चकती पुन्हा वर यायला बघत होती, बोटाला हलकेच उलट ढकलत होती. मिर्सिनीनं बोट काढलं नाही. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं, निळ्या खिडकीपर्यंत चढलं, तरी काढलं नाही.